मराठवाड्यातील खेड्यात बायकांच्या आरोग्याचे काम कसे आखावे

ऑक्टोबरच्या मध्यावर, सकाळी अकरा वाजता, ग्रामपंचायतीसमोर मंडप घालून घेतलेल्या महिला आरोग्य शिबिराला मराठवाड्यात बहुतेक ठिकाणी ठरावीक बायका येतात. शेतावर जाणे आता झेपत नाही अशा म्हाताऱ्या, शेजारच्या अंगणवाडीतून बोलावून आणलेल्या दोन-चार गरोदर मुली आणि पदाधिकाऱ्यांच्या घरच्या महिला. ज्या तिशी-चाळिशीतल्या बाईसाठी हे सारे मांडलेले असते, ती त्या वेळी कोणाच्या तरी सोयाबीनमध्ये रोजाने वाकलेली असते. संध्याकाळी अहवालात ‘महिलांमध्ये आरोग्याविषयी जागृतीचा अभाव’ असे वाक्य पडते आणि पुढच्या वर्षी त्याच महिन्यात, त्याच वेळी पुन्हा मंडप लागतो.

हे निदान चुकीचे आहे. आपली कंबर दुखते, रक्त कमी आहे, अंगावरून पांढरे जाते हे त्या बाईला कोणी सांगावे लागत नाही. तिच्याकडे नसतो तो दिवस, हातात नसतात ते पैसे आणि बऱ्याचदा नसते ती घरातून निघण्याची मुभा. घरातील आणि शेतातील कामाची स्त्री-पुरुषांमधली वाटणी तिला आजारी पाडते आणि तीच वाटणी तिला दवाखान्यापर्यंत पोहोचू देत नाही. म्हणून आरोग्याचे काम आखताना काय सांगायचे हे नंतर ठरवावे, तिचा दिवस कसा जातो हे आधी समजून घ्यावे. पुढील मार्गदर्शन आशांच्या (गावातील आरोग्य स्वयंसेविकांच्या) कामावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तक, बचत गटांच्या सहयोगिनी, राष्ट्रीय सेवा योजनेचे शिक्षक आणि गावपातळीवर काम करणाऱ्या संस्थांचे कार्यकर्ते यांच्यासाठी आहे.

आधी कामाचे वेळापत्रक मांडा

कोणत्याही गावात पहिली बैठक आरोग्याची घेऊ नये, कामाची घ्यावी. प्रत्येक वस्तीतील पाच-सात बायकांबरोबर बसून एका मोठ्या कागदावर वर्षाचे बारा महिने मांडावेत आणि कोणत्या महिन्यात कोणते काम कोण करते ते त्यांच्याकडून भरून घ्यावे. खुरपणी आणि निंदणी बायकांकडे असते. फवारणी पुरुष करतात असे सगळे सांगतात, पण फवारणीचे पाणी डोक्यावरून आणणारी बाई असते आणि औषधाने भिजलेले कपडे धुणारीही तीच असते, हे कागदावर आपोआप येत नाही, विचारावे लागते. सोयाबीनची काढणी, पाठोपाठ कापसाची वेचणी, मग ज्वारीची काढणी अशी रांग फेब्रुवारी-मार्चपर्यंत चालते. बीड जिल्ह्यातील आणि आसपासच्या तालुक्यांतील ऊसतोड मजूर दसरा-दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात ते मार्च-एप्रिलमध्येच परततात. त्या गावांत हिवाळ्यात शिबिर घेणे म्हणजे म्हातारे आणि मागे ठेवलेली मुले यांचे शिबिर घेणे होय.

दिवसाचे वेळापत्रकही असेच काढावे, मात्र ‘तुम्हाला वेळ कधी असतो’ असा प्रश्न विचारू नये, कारण त्याचे उत्तर ‘आमचं काय, कधीही या’ असेच येते. ‘काल उठल्यापासून निजेपर्यंत काय काय केलं’ असे विचारले की सारा दिवस उलगडतो. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार भारतात घरातील बिनमोबदल्याचे काम करणाऱ्या स्त्रिया त्या कामावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवतात, तर असे काम करणारे पुरुष ९७ मिनिटे. ही देशाची सरासरी झाली. ज्या गावात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहत घागरींची रांग लावावी लागते, तिथे हिशेब याहून कडक असतो. २०१६ च्या दुष्काळात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. शहराची ती बातमी झाली, पण खेड्यात त्याच उन्हाळ्यात पाणी बायकांच्या डोक्यावरून आले.

या मांडणीतून कामाला योग्य अशा फटी सापडतात. पोळ्यानंतर सोयाबीनला हात लागेपर्यंतचे काही दिवस बऱ्याच गावांत मिळतात. आठवडी बाजाराच्या दिवशी मजुरीचा हिशेब होतो, त्यामुळे त्या दिवशी बाईच्या हातात थोडे पैसे असतात आणि बाजाराच्या गावी जायला कारणही असते. तेथील आरोग्य केंद्रात त्याच दिवशी तपासणी ठेवल्यास एका फेरीत दोन्ही कामे होतात. गावातील बैठक रात्री जेवणे उरकल्यावर, साडेआठनंतर घ्यावी. सरकारी नोकरीच्या वेळेत हे बसत नाही, हे खरे आहे. पण शिबिराला येण्याची किंमत बाई एका दिवसाच्या मजुरीने चुकवते, हे लक्षात घेऊनच ‘मोफत’ हा शब्द फलकावर लिहावा.

जागा निवडताना कोण येणार नाही याचा विचार करा

ग्रामपंचायतीचे कार्यालय, मारुतीचा पार आणि चावडी या जागा सार्वजनिक म्हणवल्या जातात, पण तिथे सुनेने वडीलधाऱ्या पुरुषांदेखत बसून आपल्या पाळीविषयी बोलावे अशी अपेक्षा धरणे निरर्थक आहे. शाळेची खोली, अंगणवाडी किंवा वस्तीतल्याच एखाद्या घराचे मागचे अंगण बरे. गावकुसाबाहेरची वस्ती, लमाण तांडा आणि मुस्लिम मोहल्ला यांच्यासाठी स्वतंत्र बैठका घ्याव्यात. ‘सगळ्यांनी एकत्र यावे’ हा आग्रह तत्त्वतः चांगला असला तरी पहिल्याच बैठकीत तो धरला तर ज्यांना सर्वाधिक गरज आहे त्या बायका मागच्या ओळीत उभ्या राहून निघून जातात. एकत्र बसण्याची वेळ नंतर, ओळख झाल्यावर येते.

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतच्या हळदीकुंकवात आरोग्याचा कार्यक्रम घालण्याची सोपी वाट अनेक संस्था धरतात. बायका आयत्याच जमतात, हा त्याचा फायदा सांगितला जातो. त्यात विधवा येत नाहीत आणि टाकलेल्या बायका बहुधा टाळतात. शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या या विभागात तरुण विधवांची संख्या मोठी आहे आणि घर, शेत, कर्ज व मुले एकटीने ओढणाऱ्या या बायकांचे आरोग्य सर्वांत आधी ढासळते. तेव्हा कार्यक्रम तिळगुळाचा करावा, सर्वांना सारखे वाण द्यावे आणि एकल महिलांना आदल्या दिवशी त्यांच्या घरी जाऊन बोलवावे. निमंत्रण लाउडस्पीकरवरून दिले की ते ‘इतरांसाठी’ आहे असे त्या समजतात.

जागेला शौचालय, पाणी आणि नीट बंद होणारे दार किंवा जाड पडदा असलाच पाहिजे. तपासणीच्या खोलीच्या खिडकीबाहेर पोरे जमली तर पुढची पाच वर्षे त्या गावात कोणी तपासणीला येणार नाही.

बोलणे कुठून सुरू करावे

वयाने लहान असलेल्यांनी ताई, मावशी, आजी म्हणावे, मोहल्ल्यात आपा किंवा खाला, तांड्यावर म्हातारीला याडी म्हटले तर आपलेपणा वाटतो. मात्र तांड्यावर आणि मोहल्ल्यात त्यांच्याच बोलीत बोलणारी एक बाई सोबत असणे याहून अधिक महत्त्वाचे आहे. ‘श्वेतप्रदर’, ‘गर्भाशय’, ‘मासिक स्राव’ असे शब्द फलकावर असू द्यावेत. तोंडी मात्र अंगावरून पांढरे जाणे, पिशवी, पाळी, अंग बाहेर येणे (गर्भाशय खाली सरकणे) असेच बोलावे. पहिला प्रश्न कंबरदुखीचा विचारावा. कंबरदुखीविषयी चारचौघींत बोलायला लाज वाटत नाही आणि तिथून ओझे, बाळंतपण, पाळी, लघवीची जळजळ असा संवाद आपोआप आत जातो.

लघवीच्या जळजळीचेच उदाहरण घेऊ. शेतावर आडोसा नसतो, आजूबाजूला गडी माणसे असतात, म्हणून बाई दिवसभर पाणीच कमी पिते आणि लघवी दाबून ठेवते. तिला ‘भरपूर पाणी प्या’ असे सांगणे योग्यच, पण ती ते ऐकून सोडून देणार. त्याऐवजी वावराच्या मालकाशी आणि मजुरांच्या टोळीशी बोलून चार काठ्या व जुन्या साड्यांचा आडोसा उभा करता येतो का, हे बघावे. पाळीतल्या कापडाचेही तसेच आहे. ते उन्हात वाळवावे असे सर्वांना माहीत असते, पण उन्हात दोरीवर टाकले तर सगळ्यांना दिसते म्हणून ते न्हाणीत किंवा साडीखाली ओलसर राहते. उपाय शरीराबद्दल सांगून होत नाही, वाळवण्याची जागा ठरवून होतो.

सासूसमोर सुनेला काहीही खासगी विचारू नये. मारहाणीची शंका आली तर बीपी मोजण्याच्या निमित्ताने बाईला वेगळे घ्यावे, नोंदवहीत उघड शब्दांत काही लिहू नये आणि तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्याचा संपर्क तसेच १८१ ही महिला हेल्पलाइन तिला तोंडी सांगावी. कागदाची चिठ्ठी घरात सापडते.

रक्तक्षय: गोळी आणि ताट

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. गरोदर नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या आणि गरोदर स्त्रीचे ११ ग्रॅमच्या खाली असेल तर तो रक्तक्षय धरला जातो. शासकीय कार्यक्रमात गरोदरपणी १८० दिवस आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस रोज लोह व फॉलिक ॲसिडची गोळी दिली जाते. शिवाय किशोरवयीन मुलींना आठवड्यातून एक गोळी आणि वर्षातून दोनदा जंतनाशक गोळी मिळते.

गोळ्या वाटल्या जातात आणि बऱ्याचशा फडताळात राहतात. याचे कारण बहुतेक वेळा साधे असते. उपाशीपोटी घेतल्याने मळमळते, शौचाला काळी होते आणि बाई घाबरून गोळी बंद करते. म्हणून गोळी देतानाच हे दोन्ही होणार हे सांगावे, रात्री जेवणानंतर घ्यायला सांगावे आणि गोळीच्या आगेमागे तासभर चहा टाळायला सांगावा. चहा लोह शोषू देत नाही, लिंबू किंवा आवळा मदत करतो.

ताटाचा प्रश्न जास्त अवघड आहे. ज्वारी-बाजरीची भाकरी, शेंगदाणे, तीळ, हरभऱ्याचा कोवळा पाला, तांदुळजा, शेपू हे सारे मराठवाड्याच्या स्वयंपाकघरात आहेच, त्यामुळे आहाराचे रंगीत तक्ते दाखवून नवे काही सांगितले जात नाही. घरात शेवटी जेवणाऱ्या बाईच्या वाट्याला पातेल्यात खरवडून काय उरते, हा खरा मुद्दा आहे. त्यावर व्याख्यान देऊन काही होत नाही. बैठकीत बायकांनाच ‘काल रात्री तुमच्या ताटात काय होतं आणि त्यांच्या ताटात काय होतं’ असे विचारावे आणि चर्चा त्यांच्यात होऊ द्यावी. पुरुषांच्या बैठकीतही तोच प्रश्न ठेवावा. गरोदर सुनेने सर्वांबरोबर किंवा सर्वांआधी जेवावे असे सासूच्या तोंडून वदवून घेता आले, तर ते महिन्याभराच्या गोळ्यांइतके मोलाचे आहे.

पिशवी काढण्याचा प्रश्न

या विषयावर थोडे अधिक थांबणे भाग आहे, कारण काम, पैसा आणि बाईचे शरीर यांची गाठ इतकी स्पष्टपणे दुसरीकडे कुठे दिसत नाही. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी मिळून मजुरीसाठी एक ‘कोयता’ मोजला जातो. हंगामाआधी मुकादमाकडून, म्हणजे मजुरांची टोळी नेणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल (आगाऊ रक्कम) घेतली जाते आणि ती तोडणीतून फेडायची असते. एका दिवसाचा खाडा झाला तर दंड कापला जातो. पहाटे अंधारात उठून कोपीवर (तात्पुरत्या झोपडीत) स्वयंपाक, मग दिवसभर तोडणी, डोक्यावर मोळी घेऊन गाडी भरणे, रात्री-अपरात्री वाहन आले तर पुन्हा भरणी. या वेळापत्रकात पाळीचे चार दिवस बसत नाहीत. अंगावरून पांढरे जाणे किंवा ओटीपोटात दुखणे घेऊन बाई खासगी दवाखान्यात गेली की ‘पिशवी खराब झाली आहे, कॅन्सर होईल’ असे तिला सांगितले गेल्याची उदाहरणे पुढे आली आणि २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील हा प्रश्न देशभर गाजला. विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसमोर आलेल्या पाहणीत जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ महिलांची गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया झालेली आढळली. त्यानंतर जिल्ह्यात खासगी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणे बंधनकारक करण्यात आले. पुढे केंद्राने २०२२ मध्ये अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या राज्यांनी तीन महिन्यांत लागू कराव्यात असा आदेश दिला.

कार्यकर्त्यांनी इथे एक पथ्य पाळावे. बाईला ‘तुम्ही अज्ञानाने पिशवी काढली’ असे कधीही म्हणू नये. पाळी गेली की खाडा गेला, हा तिचा हिशेब तिच्या परिस्थितीत तर्काला धरूनच असतो. चूक आहे ती तिला पुढची किंमत न सांगण्यात. शस्त्रक्रियेत अंडाशयही काढले असतील तर तरुण वयातच पाळी गेल्यानंतरचे सारे त्रास सुरू होतात, हाडे लवकर ठिसूळ होतात आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. कर्ज काढून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर विश्रांती न घेता पुढच्या हंगामाला जावे लागते आणि दुखणे तसेच राहते, कारण कंबरदुखीचे मूळ मोळीत असते.

शस्त्रक्रिया सांगितली गेली आहे अशी बाई भेटल्यास तिच्यासोबत बसून काही गोष्टी क्रमाने तपासाव्यात. तिला नेमका कोणता आजार सांगितला आहे आणि तो कागदावर लिहिला आहे का, हे आधी पाहावे. केवळ पांढरे जाणे हे पिशवी काढण्याचे कारण नव्हे. बहुतेक वेळा ते साधे जंतुसंसर्गाचे असते आणि गोळ्यांनी बरे होते, मात्र काही संसर्गांत नवऱ्यालाही औषध घ्यावे लागते आणि तो घेत नाही म्हणून तिचा आजार परतून येतो. अति रक्तस्राव असेल तर आधी औषधोपचार झाला का, सोनोग्राफी आणि गर्भाशयमुखाची तपासणी झाली का, हे विचारावे. अंडाशय ठेवणार की काढणार, हा प्रश्न तिने डॉक्टरांना स्वतः विचारावा म्हणून तो तिच्याकडून दोन-तीनदा म्हणून घ्यावा. मग उपजिल्हा रुग्णालयात किंवा जिल्हा रुग्णालयात दुसरे मत घ्यायला तिच्याबरोबर जावे. दुसऱ्या बाजूने, पाळी कायमची गेल्यानंतर पुन्हा रक्त जाणे, संबंधांनंतर रक्त जाणे किंवा अंग पूर्ण बाहेर येणे या तक्रारी अंगावर काढू देऊ नयेत. गरजेची शस्त्रक्रियाही असते आणि अनावश्यक शस्त्रक्रियांच्या विरोधात बोलताना गरजवंत बाईला घाबरवून घरी बसवणे हाही अपराधच ठरेल.

गर्भाशयमुखाची तपासणी

या बाबतीत मराठवाड्याने जगाला दिलेली माहिती मराठवाड्यातच फारशी सांगितली जात नाही. तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजार ७४६ स्त्रियांना सामावून एक मोठा अभ्यास झाला. टाटा मेमोरियल, बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था त्यात सहभागी होत्या. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीनेही (हा कर्करोग ज्यामुळे होतो त्या विषाणूच्या तपासणीनेही) गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू तपासणी न झालेल्या गटाच्या तुलनेत सुमारे निम्म्यावर आले. तुलनेसाठी ठेवलेल्या गटाला तपासणी दिली नव्हती, यावर पुढे नैतिक आक्षेपही घेतले गेले आणि ते विसरू नयेत. पण ‘आमच्या बायका अशा तपासणीला तयार होत नाहीत’ हे वाक्य या जिल्ह्याने खोटे पाडले आहे.

शासकीय आरोग्य संस्थांमध्ये तीस वर्षांवरील स्त्रियांसाठी सौम्य ॲसेटिक ॲसिड लावून करण्याची सोपी तपासणी असते, तिचा निकाल मिनिटाभरात कळतो आणि ती दर पाच वर्षांनी करावी असे धोरण आहे. बाईला आधी सांगायचे ते असे: तपासणी करणारी शक्यतो बाईच असेल, दुखत नाही, थोडे झोंबते, पाळीच्या दिवसांत करत नाहीत, पांढरा डाग दिसला तरी तो कर्करोगच असतो असे नाही आणि पुढची तपासणी कुठे होईल. जिथे बाई तपासनीस नाही तिथे ती मिळेपर्यंत दिवस पुढे ढकलावा. त्याच दिवशी स्तन आणि तोंड यांचीही तपासणी करून घ्यावी. मिश्री लावणाऱ्या बायका आपल्याकडे कमी नाहीत आणि मिश्री हा तंबाखूच आहे, पण तिला व्यसन म्हणून कोणी मोजत नाही.

पुरुष, सासू आणि मुकादम

दवाखान्याचा निर्णय, भाड्याचे पैसे आणि मोटारसायकल या तिन्हींवर बहुधा पुरुषाचा ताबा असतो, तेव्हा त्याला वगळून केलेले काम अर्धवट राहते. त्याच्याशी वेगळी बैठक घ्यावी, ती पुरुष कार्यकर्त्याने घ्यावी आणि तिचा विषय ‘महिलांचे आरोग्य’ असा ठेवू नये. उचल फेडताना दवाखान्यावर किती गेले, या हिशेबापासून सुरुवात केली की पुरुष बोलतात. कुटुंबनियोजनाचा भार कोणावर आहे हेही तिथेच काढावे. पाचव्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात ३७.९ टक्के विवाहित स्त्रियांनी नसबंदी करून घेतली होती आणि पुरुष नसबंदीचा वाटा ०.३ टक्के होता. वास्तविक पुरुषांची बिनटाक्याची शस्त्रक्रिया अधिक सोपी असते आणि माणूस त्याच दिवशी घरी जातो. ‘जड काम करता येणार नाही’ ही भीती पुरुषाला वाटते. बायकोने मात्र टाक्यांसह पाणी भरावे, यात कोणाला काही वावगे दिसत नाही, हे शांतपणे समोर ठेवावे.

सासूला शत्रू समजू नये. तिने स्वतः काय सोसले ते आधी ऐकून घेतले, तिचे बीपी, साखर आणि गुडघे तपासले, तर सुनेला सोडायला ती तयार होते. गर्भपाताच्या बाबतीत प्रौढ स्त्रीला नवऱ्याची लेखी संमती कायद्याने लागत नाही, हे मात्र आशाताईंना आणि आरोग्य कर्मचाऱ्यांना पक्के ठाऊक असावे. ‘सही आणा’ म्हणून परत पाठवलेली बाई बऱ्याचदा असुरक्षित ठिकाणी जाते.

मुलींच्या लग्नाचा प्रश्नही याच साखळीत येतो. पाचव्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात परभणी जिल्ह्यातील २० ते २४ वयाच्या ४८ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षांच्या आत झालेले होते. हंगामाला जाताना वयात आलेली मुलगी कोणाच्या भरवशावर ठेवायची, ही आईबापांची काळजी खरी असते आणि लग्न झाले की नवा कोयता तयार होतो. कायदा सांगण्याबरोबरच गावात हंगामी वसतिगृह चालते का, कोणत्या नातेवाइकाकडे मुलगी सुरक्षित राहील, याची घरोघरची यादी दसऱ्याआधी करावी. ग्रामसेवक हा गावाचा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो आणि १०९८ वर कोणालाही कळवता येते.

काम करणाऱ्या बाईचेही आरोग्य

२००५ पासून ग्रामीण आरोग्य अभियानात साधारण हजार लोकसंख्येमागे एक आशा नेमली गेली. ती गावातलीच बाई असते, कामानुसार मोबदला घेते आणि रात्री दोन वाजता बाळंतिणीसोबत निघते. बाहेरच्या संस्थेने शिबिर ठरवले की घरे फिरणे, बायका जमवणे आणि नंतर तक्रारी ऐकणे हे सारे तिच्यावर येते, वर तिचे घरचे काम कमी होत नाही. तेव्हा तारीख ठरवताना तिला विचारावे, प्रवासखर्च आधी हातात द्यावा, शेवटची एसटी कधी आहे ते पाहून बैठक संपवावी आणि तपासणीत पहिला नंबर तिचा लावावा. तिचेच हिमोग्लोबिन आठ असण्याची शक्यता असते. जातीचा प्रश्नही उघडपणे बोलावा: काही घरांत तिला उंबऱ्याबाहेर ठेवले जाते, काही वस्त्यांत ती स्वतः जायचे टाळते. दोन्ही ठिकाणी गटप्रवर्तकाने सुरुवातीच्या भेटींत सोबत जावे.

स्थानिक बाईवर जबाबदारी टाकली तर ती पेलते, याचा पुरावा इथेच आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर-उस्मानाबाद भागातील घरांच्या दुरुस्तीच्या कामात गावोगावच्या बायकांनी संवाद सहायक म्हणून काम केले आणि सिमेंट, सळई व शासकीय हप्ते यांचा हिशेब लोकांना समजावला. त्यांना तेव्हा मानधन, प्रशिक्षण आणि अधिकार मिळाले होते. आरोग्यात नुसती जबाबदारी देऊन चालत नाही.

पाठपुरावा

शिबिरात किती महिला आल्या, हा आकडा अहवालाला लागतो, पण कामाला उपयोगी आकडे वेगळे आहेत. पुढे पाठवलेल्यांपैकी किती जणी पोहोचल्या, किती जणींचे उपचार पूर्ण झाले आणि कोणत्या वस्तीतून एकही बाई आली नाही, ते पाहावे. पुढे पाठवताना नुसती चिठ्ठी देऊ नये. संबंधित रुग्णालयात स्त्रीरोगतज्ज्ञ कोणत्या वारी असतात ते आधी फोन करून विचारावे, त्याच वाराची तारीख लिहावी, सोबत कोण जाईल त्या बाईचे नाव ठरवावे आणि भाड्याची सोय बचत गटाच्या अंतर्गत कर्जातून होते का ते पाहावे. चार-पाच जणींना एकत्र पाठवले तर घरातून निघणे सोपे जाते. गरोदर महिलांसाठी दर महिन्याच्या ९ तारखेला शासकीय रुग्णालयांत विशेष तपासणी असते, तो दिवस गावात सर्वांना पाठ असावा.

नोंदवही कुलपात ठेवावी. तपासणी करून घेणाऱ्या बायकांची छायाचित्रे काढू नयेत आणि बचत गटाच्या मोबाइल ग्रुपवर कोणाच्याही अहवालाचा उल्लेख येऊ देऊ नये.

स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांसाठी दसऱ्याआधी वेगळी यादी करावी. तीत बाईचे नाव, कोणत्या मुकादमाच्या टोळीत आणि कोणत्या कारखान्यावर जाणार, गरोदर असल्यास कितवा महिना, चालू औषधे कोणती, हे लिहावे. माता व बाल संरक्षण कार्ड तिच्या हातात द्यावे, घरी पेटीत राहू देऊ नये, आणि चार-पाच महिन्यांच्या गोळ्या सोबत बांधून द्याव्यात. ऊसतोडीच्या ठिकाणच्या गावातील आशाचा किंवा आरोग्य केंद्राचा फोन नंबर मिळवून तिच्या मोबाइलमध्ये साठवावा आणि १०८ नंबर लावून दाखवावा. मार्च-एप्रिलमध्ये टोळ्या परतल्या की पहिल्या पंधरवड्यातच त्या यादीवरून घरोघर जाऊन वजन, हिमोग्लोबिन आणि तक्रारी पुन्हा नोंदवाव्यात, कारण त्यानंतर खरिपाची तयारी सुरू होते आणि बाई पुन्हा हाती लागत नाही.